जिक्सर एसएफ २५० वरून कोल्हापूर ते कन्याकुमारी : गाडीची निवड आणि तयारीच्या नोंदी

४ ऑगस्ट २०२४ : निवड

येत्या जानेवारीत कोल्हापूरहून बेळगाव, हुबळी, दावणगेरे, बेंगळुरू, सेलम आणि मदुराई या मार्गाने कन्याकुमारी गाठायची आणि परतताना केरळ व कारवारचा किनारा धरून आंबोली घाटाने घरी यायचे, असा बेत आहे. त्यासाठी घेतलेली मोटारसायकल नंतर रोजच्या वापरातही राहणार आहे आणि रविवारी सकाळी फोंडा घाट चढताना ती वळणात मनासारखी झुकली पाहिजे, ही अट सोडायला मी तयार नाही. त्यामुळे उंच हँडलच्या, मुळातच लांब पल्ल्यासाठी बनवलेल्या गाड्या यादीतून सुरुवातीलाच गेल्या. फेअरिंग, म्हणजे वारा कापणारे पुढचे प्लास्टिकचे आवरण, असलेली स्पोर्ट पठडीतली गाडी घ्यायची आणि तिला प्रवासायोग्य करायचे, असे ठरले.

चौपदरी राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला ताशी ८० किलोमीटरची मर्यादा असल्याने सर्वोच्च वेगाच्या आकड्याला या निवडीत काही महत्त्व नाही. महत्त्व आहे ते टाकीच्या क्षमतेला, बसण्याच्या ढबीला आणि वाटेतल्या मध्यम शहरांत सुटे भाग मिळण्याला. निंजा ३०० ची १७ लिटरची टाकी आणि दोन सिलिंडरचे शांत इंजिन मोहात पाडणारे होते, परंतु जुनी गाडी घेतली तरी ती माझ्या रकमेत बसेना. अपाचे आरआर ३१० आणि आर१५ या दोघींच्या टाक्या ११ लिटरच्या, आणि आर१५ चे हँडल माझ्या पाठीला फार खाली. सीबीआर २५०आर ही बसायला या सर्वांत सोयीची, टाकीही १३ लिटरची. पण तिचे भारतातले उत्पादन २०२० मध्ये थांबले असल्याने फेअरिंगचा एखादा तुकडा शोधण्यात महिने घालवण्याची माझी तयारी नव्हती.

उरली सुझुकीची जिक्सर एसएफ २५०. तिचे इंजिन २४९ सीसीचे, ताकद २६.५ पीएस, टॉर्क २२.२ न्यूटन-मीटर, टाकी १२ लिटरची आणि वजन १६१ किलो. इंजिन तेलाने थंड होणारे असल्याने रेडिएटर, कूलंट, त्याचे होज आणि पंखा या चारही गोष्टी गाडीत नाहीत, म्हणजे वाटेत बिघडायलाही नाहीत. क्लिप-ऑन हँडल, म्हणजे पुढच्या शॉकच्या नळ्यांना पकडणारे दोन वेगळे तुकडे, वरच्या क्लॅम्पच्या वर बसवलेले असल्याने पाठ वाकते ती थोडीच. लिटरला पस्तीस किलोमीटर धरले तर एका टाकीत चारशे किलोमीटरच्या आसपास पल्ला मिळतो, म्हणजे सकाळी भरलेली टाकी दुपारच्या जेवणापर्यंत सहज पुरते.

२५ ऑगस्ट : खरेदी

सांगलीतली २०२१ ची गाडी पाहिली. मीटरवर १३,४०० किलोमीटर, मागणी १,४०,००० रुपये, व्यवहार १,३२,००० ला ठरला. फेअरिंग असलेली जुनी गाडी पाहताना रंगाच्या चकाकीपेक्षा फेअरिंगच्या आतल्या प्लास्टिकच्या कानांकडे पाहावे, कारण गाडी पडली की बाहेरचे पॅनेल रंगवून घेता येते, तुटलेले कान मात्र तसेच राहतात. या गाडीचे डाव्या बाजूचे दोन कान एम-सीलने जोडलेले होते आणि त्याच बाजूच्या क्लच लिव्हरचे टोक घासलेले होते, म्हणजे गाडी उभ्या उभ्या डावीकडे पडलेली असावी. पुढचे चाक उचलून हँडल हळूहळू दोन्हीकडे फिरवले, मधोमध कुठे अडकत नव्हते. फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकच्या, नळ्यांवर तेलाचा ओघळ नव्हता. मागचा टायर मात्र मधोमध सपाट झाला होता, आणि किंमत आठ हजारांनी उतरली ती याच मुद्द्यावर.

१९ सप्टेंबर : कागदपत्रे

साडेतीन आठवडे गेले. आरसीवर कर्जाचा बोजा होता, कर्ज फिटलेले होते, पण बोजा उतरवलेला नव्हता. बँकेचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याच्या नमुना ३५ ची पूर्तता झाल्याशिवाय मालकी बदलाचे नमुना २९ आणि ३० पुढे सरकत नाहीत. जुनी गाडी घेणाऱ्यांनी इसार देण्याआधी आरसीवरील हा रकाना वाचावा आणि बोजा असेल तर तो विकणाऱ्याने उतरवेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये. मी अर्धी रक्कम राखून ठेवली होती, म्हणूनच विकणारा स्वतः बँकेत खेटे घालत राहिला.

याच काळात सर्व्हिस करून घेतली. इंजिन तेल, फिल्टर, पुढचे ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल मिळून ३,७०० रुपये झाले.

२९ सप्टेंबर : कोणताही बदल न करता हुबळीपर्यंत

काहीही विकत घेण्याआधी गाडी आहे तशी चालवून पाहायची, असे ठरवले होते. सामानाशिवाय हुबळी गाठली आणि संध्याकाळी परत आलो. कागल ते साताऱ्यादरम्यानच्या रुंदीकरणाचा त्रास कोल्हापूरहून दक्षिणेकडे निघताना थोडाच झाला, आणि एकदा कर्नाटकात शिरल्यावर रस्ता मोकळा मिळाला. अशा सपाट, सरळ रस्त्यावरच गाडीच्या ढबीची खरी परीक्षा होते, कारण घाटात शरीर सतत हलत असते, तर सरळ रस्त्यावर ते एकाच जागी गोठून राहते.

दर थांब्यावर काय दुखते ते वहीत लिहिले. तासाभराने दोन्ही तळहातांच्या बुडाशी मुंग्या, दीड तासाने मानेत ताण, दोन तासांनी मांडीच्या आतल्या बाजूला रग. पाठ मात्र शेवटपर्यंत ठीक होती. वाऱ्याचा मारा छातीवर नव्हता, तो हेल्मेटच्या वरच्या भागावर होता. इंधन टाकी भरून ते पुन्हा टाकी भरण्यापर्यंत मोजले असता लिटरला ३७ किलोमीटर पडले.

पुढच्या सगळ्या खर्चाचा क्रम याच पानावरून ठरवला. आधी गाडी आणि शरीर जिथे जिथे एकमेकांना टेकतात त्या जागा, मग सामान, आणि दिवे-चार्जर सर्वांत शेवटी. बहुतेकांच्या गाड्यांवर मला हा क्रम नेमका उलटा दिसतो.

६ ऑक्टोबर : हँडल उंच करण्याचा प्रयत्न

तळहातांच्या मुंग्यांवर बाजारात सर्वांना ठाऊक असलेला उपाय म्हणजे हँडलखाली रायझर बसवणे. २५ मिलिमीटर उंची वाढवणारा जोड १,४०० रुपयांना आणला. बसवायला तासभर लागला आणि काढायला वीस मिनिटे.

गाडी उभी असताना सगळे उत्तम वाटत होते. मग हँडल पूर्ण डावीकडे वळवले तेव्हा पुढच्या ब्रेकची नळी तारेसारखी ताठ झाली, आणि पूर्ण उजवीकडे वळवताना क्लचची केबल खेचली जाऊन इंजिनाचा आवाज बदलला, कारण गाडी गिअरमध्ये होती आणि क्लच अर्धवट दाबला जात होता. पार्किंगमध्ये किंवा घाटातल्या अवघड वळणावर असे झाले तर गाडी आडवी होणार हे उघड आहे. लांब ब्रेक नळी घालणे शक्य होते, पण त्यासाठी एबीएसची यंत्रणा उघडून तिच्यातली हवा काढणे आले. ते मला पंचवीस मिलिमीटरसाठी परवडणारे वाटले नाही. रायझर एका मित्राने ७०० रुपयांना घेतला.

क्लिप-ऑन हँडलला कुठलाही रायझर लावणाऱ्याने इंजिन चालू ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये असताना हँडल दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवावे. इंजिनाचा आवाज चढला तर ॲक्सिलरेटरची केबल खेचली जात आहे. हीच चाचणी क्लचसाठी मधल्या स्टँडवर गाडी घेऊन करावी लागते, आणि या गाडीला मधला स्टँड नसल्याने मागच्या चाकाखाली गॅरेजमधला स्टँड घ्यावा लागला.

१५ ऑक्टोबर : सीट

हँडल वर येत नसेल तर शरीराचा भार हँडलवर येतो कशामुळे, हे पाहायला हवे होते. भावाला बाजूला उभे करून मोबाइलवर चित्रण करून घेतले, आणि त्यात कारण स्वच्छ दिसले. सीटचा पुढचा भाग टाकीकडे उतरता आहे. प्रत्येक ब्रेकला मी दोन-तीन सेंटिमीटर पुढे सरकतो, टाकीला टेकतो, आणि मग स्वतःला मागे रेटून धरण्याचे काम तळहात करत राहतात. म्हणजे मुंग्या हँडलच्या उंचीमुळे येत नव्हत्या, सीटच्या उतारामुळे येत होत्या.

दसऱ्याच्या आठवड्यात कुशनवाल्याकडे जाणे म्हणजे वेळ घालवणे, कारण सारे कोल्हापूर तेव्हा गाड्यांना नवी कव्हरे चढवत असते. दसरा उलटल्यावर गेलो. मूळ फोम न कापता त्याच्या पुढच्या उतारावर दाबून बनवलेल्या कडक फोमची पाचर चिकटवून घेतली, जेणेकरून बैठक जवळपास सपाट झाली. मधोमध बोटभर रुंदीची खाच ठेवली. वरचे कव्हर गुळगुळीत रेक्झिनऐवजी खरबरीत घेतले. खर्च १,९०० रुपये. कुशनवाल्या चाचांनी वरून मऊ फोमचा थर देण्याचा फार आग्रह केला, तो नाकारला; मऊ फोम दुकानात बसून पाहताना सुखाचा वाटतो आणि दोन तासांनी दबून त्याखालची कड मांडीला टोचू लागते. सीटची उंची मूळ ८०० मिलिमीटरवरून थोडी वाढली, तरी पायांचे चवडे अजून जमिनीवर पूर्ण टेकतात.

२० ऑक्टोबर : गुडघे आणि लिव्हर

टाकीच्या दोन्ही बाजूंना रबरी ग्रिप चिकटवले, ६५० रुपये. आता ब्रेक मारताना शरीर गुडघ्यांनी धरून ठेवता येते. शिवाय ब्रेक आणि क्लचचे लिव्हर थोडे खाली फिरवून घेतले, म्हणजे हात हँडलवर ठेवून बोटे सरळ केली की ती लिव्हरवरच पडतात आणि मनगट मागे मोडत नाही. या दुसऱ्या कामाला एक पाना आणि दहा मिनिटे लागली. राधानगरीपर्यंत जाऊन आलो, मुंग्या आल्या नाहीत.

इतक्या स्वस्त दुरुस्तीची जाहिरात कोणी करत नाही, त्यात विकण्यासारखे काही नसते.

२७ ऑक्टोबर : सामानाचा सांगाडा

स्पोर्ट गाडीच्या मागच्या बाजूला वजन लादण्याविषयी मी सुरुवातीपासून साशंक आहे. पिलियन, म्हणजे मागे बसणाऱ्याच्या, सीटखालची फ्रेम बारीक, निमुळती आणि वर चढती असते. तिच्या टोकावर पेटी बसवली तर सगळे वजन मागच्या आसाच्याही मागे जाते, पुढचे चाक हलके होते आणि ज्या वळणांसाठी गाडी घेतली तिथेच ती बिचकते. म्हणून पेटी नको असे ठरवले. जड वस्तू दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत, शक्य तितक्या खाली व पुढे, आणि पिलियन सीटवर फक्त कपड्यांची हलकी पिशवी. पिशव्यांचा जोड ६,८०० रुपयांना आणि तीस लिटरची मागची पिशवी ३,२०० रुपयांना घेतली.

पिशव्या चाकात किंवा सायलेन्सरवर जाऊ नयेत म्हणून दोन्ही बाजूंना लोखंडी स्टे लागतात. शिवाजी उद्यमनगरात दहा मिलिमीटरच्या सळईचे स्टे वाकवून घेतले. वरचे टोक मागच्या पकडीच्या बोल्टवर आणि खालचे पिलियन फूटरेस्टच्या ब्रॅकेटवर. दोन्ही जागी मूळ बोल्टऐवजी दहा मिलिमीटर लांब बोल्ट घातले. फ्रेमला कुठेही छिद्र पाडले नाही. आरसीवरील तपशील बदलेल असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने चालत नाही, पण बोल्टने लावता-काढता येणारा स्टे त्या जातीचा नाही. खर्च १,६०० रुपये.

१० नोव्हेंबर : स्टे तुटला

दिवाळीनंतर दोन्ही पिशव्यांत प्रत्येकी सहा किलो तांदूळ भरून दाजीपूरमार्गे फोंडा घाट उतरलो. परत चढताना उजवीकडून खडखडाट सुरू झाला. वरच्या टोकाला सळई ज्या पट्टीला जोडली होती तिथला सांधा अर्धा फाटला होता. दोरीने बांधून गाडी घरी आणली.

सांधा ढिसाळ होता म्हणून तो तुटला, असे मी धरून चाललो होतो. उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी दोन्ही पिशव्या लटकवून, मागचे चाक हलवून एकदा पाहिले आणि म्हणाले, “दोन्ही बाजू मागनं एकमेकीस्नी बांधल्याबिगर हे थांबायचं न्हाई. आत हलतंय बघा.” त्यांचे बरोबर होते. पिशवी वर-खाली फारशी हलत नाही, ती प्रत्येक खड्ड्यात चाकाच्या दिशेने आत-बाहेर झुलते, आणि तीन मिलिमीटरची पट्टी तारेसारखी पुन्हा पुन्हा वाकून थकते. नुसता जाड सांधा भरला असता तर तो त्याच्याच शेजारी तुटला असता.

२१ नोव्हेंबर : स्टेची दुरुस्ती

२० तारखेला विधानसभेच्या मतदानाची सुट्टी असल्याने काम एक दिवस लांबले. पट्ट्या पाच मिलिमीटरच्या केल्या, सांध्यांच्या कोपऱ्यात त्रिकोणी आधार दिला आणि नंबरप्लेटच्या मागून दोन्ही स्टे जोडणारी आडवी सळई बोल्टने बसवली. ही आडवी सळई मागच्या चाकाच्या प्रवासात येत नाही ना, हे पाहण्यासाठी दोघांनी सीटवर बसून शॉक पूर्ण दाबून पाहिला. सर्व वेल्डिंग संपल्यावरच पावडर कोटिंग केले. गाडीवर वेल्डिंग करण्याची वेळ आली तर बॅटरीच्या दोन्ही तारा सोडाव्यात. आम्ही प्रत्येक वेळी स्टे काढूनच काम केले. वाढीव खर्च ९०० रुपये.

१ डिसेंबर : सायलेन्सर, रुंदी आणि पाणी

उजवीकडची पिशवी सायलेन्सरपासून दोन बोटे दूर होती आणि मला ती पुरेशी वाटत होती. कागलपर्यंत जाऊन आल्यावर पिशवीचा तळ हाताला चटका देत होता. दीड मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे कवच स्टेवर बसवले, पण ते पिशवीला चिकटू न देता मधे दहा मिलिमीटरची फट ठेवली. पत्रा थेट पिशवीला टेकला तर तो उष्णता अडवण्याऐवजी पोहोचवतो. २५० रुपये.

टेपने रुंदी मोजली. आरशांपाशी ७६ सेंटिमीटर, पिशव्यांपाशी ८९. राष्ट्रीय महामार्गांवर दुचाकीला टोल नसतो, परंतु टोलनाक्याच्या डाव्या कडेची दुचाकींची वाट काँक्रीटच्या खांबांमधून जाते, आणि तिथे आरसे गेले म्हणजे गाडी गेली या सवयीने मी पिशवी घासली असती. पिशव्यांचे वरचे पट्टे आवळून, फुगणारे बाहेरचे कप्पे रिकामे ठेवून रुंदी ८१ पर्यंत आणली. त्याखाली ती येत नाही.

पिशव्यांसोबत आलेली पावसाची कव्हरे अंगणात पाइपने पाणी मारून तपासली. वरून पाणी आत गेले नाही, पण कव्हराच्या तळाशी साचलेले पाणी शिवणीतून पिशवीत झिरपले. आता खताच्या पोत्यातला जाड प्लास्टिकचा आतला कागद पिशवीच्या आत घालतो, तोंड दुमडून रबराने बांधतो. पैसे शून्य.

८ डिसेंबर : काच

मूळ काचेवरून येणारा वारा हेल्मेटवर आदळतो, म्हणून उंच काच २,२०० रुपयांना घेतली आणि आवाज कमी होण्याऐवजी वाढला. आधी वारा हेल्मेटच्या माथ्यावर सरळ येत होता. आता काचेच्या कडेवरून निघालेला घुसळता प्रवाह नेमका कानांवर येऊ लागला आणि डोके थरथरू लागले. मूळ काच परत लावली. नंतर एका जुन्या फाइलचे पारदर्शक प्लास्टिक कापून चिकटपट्टीने काचेवर लावले, ते वर-खाली करून पाहिले आणि लक्षात आले की माझ्या उंचीला फायदा व्हायचा तर काच हँडल वळताना आड येईल इतकी मोठी लागेल. फाइलचा प्रयोग काच विकत घेण्याआधी करायचा असतो. कानात फोमचे बोळे घालून चालवायला सुरुवात केली; त्यांनी जेवढा थकवा कमी झाला तेवढा काचेने झाला नसता.

१५ डिसेंबर : वीज

रात्री गाडी चालवायची नाही असा नियम आहे, तरी धुके आणि उशीर या दोन्ही गोष्टी नियम पाळत नाहीत. प्रत्येकी वीस वॅटचे दोन जादा दिवे घेतले, ४,५०० रुपये; रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच), फ्यूज आणि तारांचा संच ९०० रुपये. जोडणी अशी केली : बॅटरीपासून दहा अँपिअरच्या फ्यूजमधून रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला, ८७ पासून दिव्यांना, ८५ अर्थिंगला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, आणि ८६ ला मागच्या पार्किंग दिव्याच्या तारेवरून स्विचमार्फत, म्हणजे किल्ली बंद केली की जादा दिवेही बंद होतात. दिवे ऑइल कूलरच्या समोर येऊ दिले नाहीत. पुढच्या चाकामागचा तो छोटासा चौकोन हा या इंजिनाचा श्वास आहे, आणि कित्येक गाड्यांवर तिथेच दिवे, हॉर्न आणि झेंडे लटकलेले दिसतात.

मोबाइलसाठी यूएसबी आणि बॅटरीवरून काढलेला एक सॉकेट, मिळून १,३०० रुपये. पंक्चरचे सामान आणि बारा व्होल्टचा हवा भरण्याचा पंप २,४०० रुपये. पंप आधी यूएसबीच्याच तारेवर जोडून पाहिला आणि पाच अँपिअरचा फ्यूज लगेच उडाला. पंपासाठी बॅटरीवरून जाड तारेचा, पंधरा अँपिअरच्या फ्यूजचा स्वतंत्र मार्ग काढला. सगळे चालू ठेवून मोजले तर इंजिन मंद फिरताना १३.१ व्होल्ट आणि थोडा ॲक्सिलरेटर दिल्यावर १४.१ व्होल्ट मिळतात, म्हणजे बॅटरी भरत राहते. यात आणखी काही जोडणार नाही.

या तारा नेण्यासाठी फेअरिंगचे प्लास्टिकचे खिळे काढताना दोन तुटले. अर्धा डझन जादा आणून सीटखाली ठेवले. याच वेळी, पडल्यास फेअरिंग वाचावी म्हणून, पॅनेल न कापता बसणारे स्लायडर २,६०० रुपयांना बसवून घेतले.

२२ डिसेंबर : टायर आणि शॉक

मागचा १५०/६० मापाचा रेडियल टायर ६,९०० रुपये. दुकानदाराने आधी काढून दिलेल्या टायरवर उत्पादनाचा आकडा ‘०९२२’ होता, म्हणजे २०२२ सालचा नववा आठवडा. दुसरा मागितला, ‘२८२४’ मिळाला.

सामान लादून गाडी बाजूच्या स्टँडवर लावली तर ती उजवीकडे लवंडू पाहत होती. वजनाने मागचा भाग खाली बसतो, स्टँड तेवढाच लांब राहतो आणि गाडी नको इतकी सरळ उभी राहते. मागच्या मोनोशॉकचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा मूळ ताण, दोन खाचांनी वाढवला, तेव्हा ती पुन्हा नीट कलली. त्यामुळे हेडलाइटचा झोतही जागेवर आला; भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करून आधी खडूने खूण केली होती, सामानासह झोत त्या खुणेच्या चार बोटे वर जात होता. घाटात हँडल हलके लागण्याची तक्रारही याच दोन खाचांनी गेली. शॉकला हात न लावता स्टिअरिंगला दोष देणारे अनेक जण मला भेटले आहेत.

२९ डिसेंबर : हंपीची रंगीत तालीम

पूर्ण सामानासह हुबळी, गदग, कोप्पळ या मार्गाने हंपी. स्टे हलला नाही. सामान अठरा किलो भरले होते; परतल्यावर न वापरलेल्या वस्तू वेगळ्या काढल्या आणि ते साडेतेरा किलोवर आणले. तीनशे चाळीस किलोमीटरनंतर पेट्रोल पंप शोधायचा, हा नियम इथे ठरला, कारण भरलेल्या गाडीने लिटरला ३३ किलोमीटरच दिले.

मधला स्टँड नसताना साखळीला तेल देण्याची रीतही इथेच जमली. मुक्कामी पोहोचल्या पोहोचल्या, साखळी गरम असताना, गाडी पुढे ढकलत दिसेल तेवढ्या भागावर नव्वद नंबरचे गिअर ऑइल ब्रशने लावायचे. दर पाचशे किलोमीटरला एकदा. ओ-रिंगची, म्हणजे सांध्यांत रबरी कड्या असलेली, साखळी असल्याने पेट्रोलने धुवायची नाही. रॉकेलचा किंवा डिझेलचा बोळा पुरतो. साखळीचा ढिलेपणा मात्र सामान आणि चालक दोघेही गाडीवर असताना मोजावा लागतो, रिकाम्या गाडीवर नीट दिसणारी साखळी भरलेल्या गाडीवर ताठ होते.

१४ जानेवारी २०२५ : मदुराई

११ तारखेला निघालो. चित्रदुर्गाजवळच्या पवनचक्क्यांच्या टापूत आडवा वारा लागला. पिशव्या खाली आणि पुढे असल्याने मागचा भाग झुलला नाही. धक्का बसला तो फेअरिंगला, आणि त्यावर हँडल सैल सोडून गुडघ्यांनी टाकी धरणे हाच उपाय चालला.

आज पोंगल. गाव गर्दीने ओसंडत आहे, अवनियापुरमला जल्लिकट्टू असल्याने त्या दिशेचे रस्ते बंद, आणि गॅरेजही बंद. नेमका सकाळी मागच्या टायरमध्ये खिळा सापडला. खिळा काढून, कानशीने छिद्र साफ करून रबराची दोरी ठोकली, पंपाने हवा भरली. पाऊण तास लागला, त्यातला अर्धा वेळ सामान उतरवण्यात गेला. पंप मागच्या पिशवीच्या तळाशी ठेवणे चूक होते, तो आता सीटखालच्या जागेत गेला आहे.

२ फेब्रुवारी : परतल्यानंतरची पाहणी

अरलवायमोळी खिंडीतून आणि मुप्पंदलच्या पवनचक्क्यांमधून कन्याकुमारी, तिथून तिरुवनंतपुरम, कोची, कण्णूर, मंगळुरू, मरवंते, कारवार आणि आंबोली असा परतीचा मार्ग झाला. केरळात राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या रुंदीकरणामुळे वेग फार पडला. काम चालू असेपर्यंत तिथे दिवसाला अडीचशे किलोमीटरच्या वर आखू नये.

गाडीची पाहणी : स्टेच्या उजव्या खालच्या बोल्टखालचे कोटिंग उडाले आहे आणि किनाऱ्याच्या हवेने तिथे गंज धरला आहे, घासून पुन्हा रंग द्यायचा आहे. रबराची दोरी घरापर्यंत टिकली, पण ती कायमची दुरुस्ती नाही, आतून पॅच लावून घेणार आहे. सीटची पाचर दोन-तीन मिलिमीटर दबली, तिला हात लावायची गरज नाही. जादा दिवे फक्त एका सकाळी, आंबोलीच्या धुक्यात लागले. उंच काच अजून कोणी घेतलेली नाही.

गाडी सोडून साऱ्या तयारीचा खर्च ४१,२०० रुपये झाला, त्यातले ७०० रायझरचे परत आले. प्रवासात ज्यांच्यामुळे खरोखर फरक पडला ती सीट, गुडघ्यांचे ग्रिप, स्टे आणि उष्णतेचे कवच, यांचे सगळे मिळून ५,३०० रुपये होतात. पुढचा टायर आता कडांना घासत आला आहे. पावसाळ्याआधी तो बदलायचा आणि त्याच वेळी स्टिअरिंगच्या बेअरिंगला ग्रीस द्यायचे, एवढे काम शिल्लक आहे.